प्लाझ्मा टेबलची चाल: स्क्रू, पट्टा की रॅक?

६ जानेवारी

प्लाझ्माच्या तापलेल्या झोताने पत्रा कापायच्या टेबलाचा सांगाडा उभा राहिला. पूर्ण पत्रा, म्हणजे १२५० बाय २५०० मिमी, सपाट मावला पाहिजे म्हणून रूळ २८०० मिमीचे घेतले आणि दोन रुळांमधलं अंतर १४०० ठेवलं. वेल्डिंगच्या ताणाने एक पाय ३ मिमी वर उचलला गेला होता. तो कापला, खाली पट्टी घातली, पुन्हा टॅक मारले. पाण्याची नळी लावून चारही कोपरे पातळीत आणले. टेबल आता डुगडुगत नाही.

पुढचं काम चालीचं, म्हणजे गॅन्ट्री (कापणारा टॉर्च वाहून नेणारा, रुळांवर सरकणारा आडवा पूल) कशाने ढकलायची ते ठरवण्याचं. याचं उत्तर मला पाठच आहे असं वाटत होतं. माझ्या छोट्या मिलिंग मशीनला मी १६०५ बॉल स्क्रू, म्हणजे नटात गोळ्या असलेले स्क्रू, बसवले आहेत (व्यास १६, एका फेरीला ५ मिमी). डायल गेजचा काटा ०.०२ च्या आत परत येतो, त्यामुळे स्क्रूशिवाय काही आपल्याला चालणारच नाही असा एक ताठा आलेला आहे. उद्या हिशेब करून लांबी पक्की करायची आणि मागवून टाकायचे.

९ जानेवारी

हिशेब केला आणि ताठा उतरला.

लांब स्क्रू एका ठरावीक फेऱ्यांच्या पुढे गेला की मधे दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फिरायला लागतो. ही मर्यादा दांड्याच्या गाभ्याच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एक टोक घट्ट, दुसरं नुसतं बेअरिंगवर टेकलेलं धरलं, तर नेहमीचं सूत्र असं: १५.१ गुणिले गाभ्याचा व्यास, भागिले लांबीचा वर्ग, गुणिले १ कोटी. १६ मिमी स्क्रूचा गाभा साधारण १३. आधारांमधली लांबी २६००. उत्तर आलं मिनिटाला २९० फेऱ्या. फेरीला ५ मिमी म्हणजे मिनिटाला १.४५ मीटर.

माझा प्लाझ्मा ४५ अँपिअरचा. १२ मिमी प्लेटला तो मिनिटाला अर्धा मीटर चालेल, पण १.५ मिमीचा पत्रा कापताना त्याला ६ मीटरच्या पुढे पळावं लागतं. तिथे १.४५ म्हणजे बैलगाडी.

मग जाड स्क्रू, लांब पल्ल्याचा: २५ व्यास, फेरीला १० मिमी. तोही ४.७ मीटरवर थांबतो. शिवाय असा २६०० लांबीचा एक दांडा १० किलोचा, आणि त्याचं फिरण्याचं जडत्व माझ्या मोटरच्या रोटरच्या १६ पट. मोटर गॅन्ट्री हलवायच्या आधी दांडाच फिरवत बसणार, आणि असे दांडे दोन. स्क्रू स्थिर ठेवून नट फिरवायची युक्ती आहे, तिने ही अडचण सुटते, पण फिरत्या नटाचं घर, त्याचं बेअरिंग, त्याची पुली हे सगळं मला लेथवर बनवावं लागेल. वर लोखंडाची बारीक काळी धूळ. ती नटाच्या गोळ्यांमध्ये शिरली की नटाचं आयुष्य संपलं.

साध्या ट्रॅपिझॉइडल स्क्रूचा विचार पाच मिनिटं केला. मोटरची निम्म्याहून जास्त ताकद घर्षणातच जाते. विषय बंद.

१० जानेवारी

रात्री झोप येईना म्हणून उलटा प्रश्न विचारून पाहिला: मला अचूकता किती हवी आहे?

प्लाझ्माच्या कापाची रुंदीच दीड मिमीच्या आसपास. नोझल झिजली की ती बदलते. कापाची बाजू थोडी तिरकी येतेच. आणि पत्रा तापतो: पोलाद मीटरला, एका अंशाला १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे अडीच मीटरचा पत्रा २० अंशांनी तापला तर ०.६ मिमी लांब होतो. अशा कामात ०.०२ चा स्क्रू म्हणजे भाजी तोलायला सोनाराचा काटा.

अचूकता हा मिलिंगचा प्रश्न होता आणि मी तोच उचलून इथे आणला होता. मिलिंगमध्ये कटर धातूला ढकलतो आणि धातू कटरला. इथे टॉर्च पत्र्याला शिवतही नाही. मोटरला ओढायचं आहे ते फक्त गॅन्ट्रीचं वजन.

मग टेबलाची खरी परीक्षा कोपऱ्यावर. मिनिटाला ६ मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिमी. त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर शून्यातून या वेगाला पोहोचायला १० मिमी लागतात, आणि थांबायलाही १०. म्हणजे प्रत्येक काटकोनाच्या आधी १० आणि नंतर १० मिमी टॉर्च रेंगाळणार. रेंगाळला की काप रुंद होतो, खाली स्लॅग चिकटतो. वर आणखी एक गंमत: काप रुंद झाला की आर्कचा व्होल्टेज चढतो, उंची सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाटतं टॉर्च वर गेला, आणि ती त्याला खाली दाबते. कोपऱ्यावर टॉर्च पत्र्यात नाक खुपसतो तो असा. वेग कमी झाला की उंचीचं नियंत्रण गोठवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण मुळात वेग कमीच होऊ नये हे बरं. त्वरण २ मीटर मिळालं तर तेच अंतर १० ऐवजी अडीच मिमी.

तेव्हा निकष बदलला. गॅन्ट्री पटकन निघाली पाहिजे, पटकन थांबली पाहिजे, आणि चालताना थरथरता कामा नये. ०.१ मिमीपर्यंतची चूक माफ.

१७ जानेवारी

टायमिंग पट्टा, म्हणजे दातेरी पट्टा. स्वस्त, हलका, आवाज नाही, कितीही लांब मिळतो. ओळखीतल्या एकाच्या राउटरवर तो वर्षानुवर्षं चालतो आहे. फक्त ताणतो किती, हे स्वतः बघायचं होतं.

५ मिमी दात्यांचा, १५ मिमी रुंद, आत काचतंतू असलेला पट्टा. एक टोक छताच्या हुकाला क्लॅम्पने घट्ट, खालच्या टोकाला दुसरा क्लॅम्प, मधे मोजून १ मीटर. आधी ५ किलोचं वजन टांगून पट्टा सरळ केला, खाली डायल गेज लावून शून्य केलं, मग आणखी ५ किलो. पहिल्या झटक्यात वजन झुलून गेजला लागलं आणि काटा गरकन फिरला. मुलीला वजन धरून हळूच सोडायला लावलं. तीन वेळा केलं: ०.३४, ०.३२, ०.३३.

आकडा छोटा दिसतो. पण गॅन्ट्री मधोमध असताना दोन्ही बाजूंना सुमारे १३५० मिमी पट्टा राहतो, तो ताणून बसवलेला. हिशेबाने पुढचा-मागचा पट्टा मिळून एका रुळाकडची स्प्रिंग मिलिमीटरला २२० न्यूटनच्या आसपास. अशा स्प्रिंगवर १४ किलो (अर्धी गॅन्ट्री) ठेवलं की ते सेकंदाला २० वेळा डोलतं. सेकंदाला १०० मिमी वेगाने चालताना कोपरा ओलांडला की त्यानंतर दर ५ मिमीला एक लाट, विरेपर्यंत. ती लाट काठावर दिसणार, आणि मी तिला हौसेची नक्षी म्हणून खपवू शकणार नाही.

पट्टा रुंद घेतला, पोलादी तारांचा घेतला, तर ताठपणा बराच वाढतो, हे खरं. हे टेबल मीटरभर लांबीचं असतं तर मी पट्टाच लावला असता. अडीच मीटरला नाही. शिवाय ठिणग्या. उघड्या पट्ट्यावर एक तापलेला गोळा येऊन बसला की भोक.

साखळीबद्दलही विचारणा झाली. सायकलसारखी साखळी दात्यावर चढताना गोल फिरत नाही, बहुकोनासारखी फिरते, त्यामुळे वेग प्रत्येक कडीला वरखाली होतो. नको.

२१ जानेवारी

उरली रॅक आणि पिनियन, म्हणजे सरळ दातेरी पट्टी आणि तिच्यावर चालणारं छोटं दातेरी चाक. लांबीची भीती नाही. ३ मीटर असो की १२, ताठपणा तोच, कारण ओढणारा दाता गॅन्ट्रीपाशीच असतो. मोठ्या कारखान्यांतल्या कटिंग टेबलांवर हीच चाल का दिसते ते आता कळलं.

मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) १ घेतोय. दात्यांचं अंतर ३.१४१६ मिमी. पिनियन २० दात्यांचा: पिच व्यास २०, एका फेरीला ६२.८३ मिमी. याहून लहान पिनियन मोहात पाडतो, पण २० अंशांच्या दात्यांमध्ये १७ च्या खाली गेलं की दात्याचा पाया कोरला जातो, दाता कमजोर होतो. २० ठीक.

आता मोटर थेट पिनियनला जोडायची, की मधे पट्ट्याने ३ ला १ करायचं? थेट जोडणी म्हणजे एक प्लेट, एक पिनियन, काम खलास. गॅन्ट्रीचं एकेक टोक वजनकाट्यावर ठेवलं: १४.५ आणि १३.५, एकूण २८ किलो. ताणकाट्याने ओढून पाहिली, केबलच्या साखळीसकट १८ न्यूटनला सरकते. दीड मीटर त्वरणाला ४२ न्यूटन, अधिक १८, म्हणजे ६०. दोन बाजूंना ३०-३०. पिनियनची त्रिज्या १० मिमी, म्हणून ०.३ न्यूटन-मीटर. माझ्या नेमा २३ मोटरी (स्टेपर, म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणाऱ्या) २.२ च्या आहेत. वेग वाढला की स्टेपरची ताकद गळते हे धरूनही थेट जोडणीला भरपूर आहे.

एवढा हिशेब करून वही मिटली. थेट जोडणार.

१ फेब्रुवारी

आडव्या अक्षावर, म्हणजे टॉर्चच्या गाडीला, रॅक लावून मोटर थेट जोडली. प्लेटला लांबट खाचा ठेवल्या होत्या, पिनियन दाबून बोल्ट आवळले. टॉर्चच्या जागी बॉलपेन बांधलं आणि कागदावर रेघा ओढल्या.

हळू चालवलं तर मोटर कुरकुरते. गाडीवर हात ठेवला की एकेक पाऊल तळहाताला जाणवतं. साहजिक आहे. मोटरचं एक पूर्ण पाऊल म्हणजे ६२.८३ भागिले २००, ०.३१ मिमी. ड्रायव्हर त्याचे दहा तुकडे करतो खरा, पण ते तुकडे सारखे पडतातच असं नाही.

खरा तमाशा मिनिटाला ४ मीटरच्या जरा अलीकडे. गाडी घुमायला लागली आणि रेघ करवतीच्या पात्यासारखी दातेरी आली. वेग वाढवून ७ केला, रेघ पुन्हा सरळ. कमी करून २ केला, ठीकठाक. नेमकं ३.५ ते ४ मध्ये पिसाट. स्टेपर मोटरचा स्वतःचा झोका सेकंदाला साधारण १०० ते २०० पूर्ण पावलांच्या पट्ट्यात पडतो. २०० गुणिले ०.३१ म्हणजे सेकंदाला ६३ मिमी, मिनिटाला ३.८ मीटर. माझं निम्मं काम ३ मिमी पत्र्याचं, आणि त्याचा वेग इथेच!

पेनने वर्तुळही काढलं, २०० व्यासाचं. जिथे गाडीची दिशा उलटते तिथे दोन बाजूंना चपटं. ही पिनियनची ढिलाई. पण गेज लावलं तर डाव्या टोकाला ०.०५ आणि उजव्या टोकाला ०.२५. रॅक रुळाला समांतर नाही, त्यामुळे एका टोकाला पिनियन रुतून बसतो आणि दुसऱ्या टोकाला हवेत. आवळलेल्या खाचेने हे कधीच जमणार नाही.

२ फेब्रुवारी

काल लेथवाल्या काकांना रेघ दाखवली. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अरे, मोटर लहान आणि ओझं दांडगं. पोराच्या हातात हत्तीचा साखळदंड दिलास तू. गिअर घाल मधे."

ताकद पुरते आहे, असं मी म्हणालो. "ताकदीचं कोण बोलतंय?" म्हणाले.

घरी येऊन त्यांचं म्हणणं आकड्यांत बसवलं. लांब अक्षाला थेट जोडणीत अर्ध्या गॅन्ट्रीचं १४ किलो ओझं १० मिमी त्रिज्येवर. मोटरच्या शाफ्टला जाणवणारं जडत्व १४,००० ग्रॅम-चौरस सेमी. रोटरचं स्वतःचं ४८०. म्हणजे २९ ला १! रोटर एक पाऊल टाकून थांबतो, ओझं थांबत नाही, ते रोटरलाच मागे-पुढे हलवतं. मधे ३ ला १ आलं की ओझं तीन नाही, नऊ पटींनी हलकं होतं, कारण गुणोत्तराचा वर्ग लागतो. १,५५५ भागिले ४८०: ३.२ ला १. गॅन्ट्रीचा एक ग्रॅम न उतरवता.

पाऊलही ०.३१ वरून ०.१०५ वर येतं. मोटरचा झोका नाहीसा होत नाही, तो आता मिनिटाला १.३ मीटरच्या आसपास सरकेल, जाड प्लेटच्या वेगात. पण तिथे पोहोचणारी थरथर एक तृतीयांश आणि ओझं काबूत. वेगाला अडचण नाही: मिनिटाला १५ मीटर मोकळं धावायचं तर पिनियन २३९ फेऱ्या, मोटर ७१६. तेवढ्या ती खुशाल देते.

२१ जानेवारीला मी फक्त बळ मोजलं होतं, जडत्व नाही. रॅक की पट्टा यावर दोन आठवडे डोकं घातलं, आणि काठाची सफाई ठरणार होती मधल्या दोन पुल्यांवर.

९ फेब्रुवारी

रिडक्शनची प्लेट तयार. मोटरवर १५ दात्यांची पुली, खाली ४५ ची, दात्याचं अंतर ५ मिमी. ४५ ची पुली आणि पिनियन एकाच १२ मिमी शाफ्टवर, शाफ्टला दोन बेअरिंग, दोघांत शक्य तितकं अंतर. इथे पट्टा ताणण्याचा प्रश्न नाही, तो वीतभरही नाही.

अख्खी प्लेट, मोटरसकट, एका खिळीवर झुलते आणि स्प्रिंग तिला रॅककडे ओढते. मोटर प्लेटवरच असल्याने प्लेट झुलली तरी छोट्या पट्ट्याचा ताण बदलत नाही. रॅक वाकडी असो, पिनियन तिच्या मागे मागे जातो. ढिलाई नाहीच.

१२ फेब्रुवारी

ढिलाई नाहीच, असं तीन दिवसांपूर्वी लिहिलं. आज पिनियन दाते ओलांडून उडी मारतो आहे.

लांब अक्षावर त्वरण ३ पर्यंत नेऊन पाहत होतो. दाराकडे निघताना कडकड आवाज आणि गॅन्ट्रीची एक बाजू मागे. भिंतीकडे निघताना काही नाही. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा एकाच दिशेला. स्प्रिंग कमजोर असती तर दोन्हीकडे उडी मारली असती.

प्लेट काढून टेबलावर आडवी ठेवली आणि पट्टीने मोजत बसलो. पिनियन खिळीपासून रॅकच्या दिशेत ८० मिमी दूर. पण खिळी रॅकच्या पिच रेषेपासून (जिथे दाते एकमेकांना ढकलतात ती रेषा) ६० मिमी वर. दात्यावरचं बळ रॅकच्या रेषेत लागतं. खिळी त्या रेषेपासून जितकी दूर, तितकं ते बळ प्लेटला खिळीभोवती फिरवतं: एका दिशेला पिनियन रॅकमध्ये दाबतं, दुसऱ्या दिशेला उपसून काढतं. ५० न्यूटन गुणिले ६०, भागिले ८०, जवळजवळ ३८ न्यूटन. त्यात दात्याच्या २० अंशांच्या उतारामुळे बाहेर ढकलणारे १८. एकूण ५६. माझी स्प्रिंग पिनियनपाशी ५० न्यूटनची.

सहज उपाय होता, दणकट स्प्रिंग. तसं केलं असतं तर बेअरिंग आणि दाते दोन्ही विनाकारण भरडले गेले असते. त्याऐवजी खिळीचं भोक खाली आणलं, पिच रेषेपासून १५ मिमीवर. आणखी खाली रूळ आडवा येतो. आता उपसणारं बळ ९ अधिक १८. तीच स्प्रिंग, उडी बंद. जुनी भोकं प्लेटवर तशीच आहेत.

१६ फेब्रुवारी

रॅक आता पक्क्या बसवल्या, दाते खालच्या बाजूला, म्हणजे धूळ दात्यांत साचत नाही. तेल लावलेलं नाही, लावणारही नाही. तेल आणि प्लाझ्माची धूळ मिळून उत्तम पॉलिश पेपर होतो.

रॅक मीटरच्या तुकड्यांत येते, म्हणून प्रत्येक बाजूला दोन सांधे. पहिला सांधा टोकाला टोक भिडवून घट्ट केला आणि फसलो. रॅकचा एक छोटा तुकडा उलटा करून सांध्यावर दात्यांत दाते बसवून पाहिला, तर एका बाजूचे दाते बसतात, दुसऱ्या बाजूचे वर राहतात. टोकं भिडलेली दिसली तरी दात्यांचं अंतर भरलेलं नव्हतं. मग उलटंच केलं: आधी तो तुकडा दोन्ही रॅकवर क्लॅम्पने दाबायचा, मग बोल्ट आवळायचे. टोकांत केसभर फट राहते, राहू दे. दात्यांना ती दिसत नाही.

२२ फेब्रुवारी

वीज. मोटरच्या गुंडाळीचा इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री, जुना ठोकताळा असा की त्याच्या वर्गमुळाला ३२ ने गुणा, तेवढे व्होल्ट पुरवठ्याला: ५०.६. म्हणून ४८ चा पुरवठा घेतला. एन्कोडर असलेल्या स्टेपरचा मोह झाला होता. पाऊल चुकलं तर ते निदान सांगतात. पण जडत्वाचं गुणोत्तर ३.२ वर आल्यावर पाऊल चुकायचं कारण फारसं उरलं नाही, म्हणून साध्याच ठेवल्या.

गॅन्ट्री हाताने जोरात ढकलू नये, हे स्वतःला बजावण्यासाठी इथे लिहितो. पुरवठा बंद असताना ढकलली तर ड्रायव्हरचे हिरवे दिवे लागले! मोटर जनरेटर होते, आणि ३ ला १ मुळे तीनपट जोमाने. हळू ढकलायची.

उभ्या अक्षाला १६०५ बॉल स्क्रू, २०० मिमीचा. चला, कुठेतरी तो लागला. वीज गेली की टॉर्च स्वतःच्या वजनाने खाली घसरतो, त्याला एक हलकी ओढ-स्प्रिंग लावली.

१ मार्च

मिलिमीटरला मोटरला किती पल्स (पावलाचे इशारे) द्यायचे: २०० गुणिले १० गुणिले ३, भागिले ६२.८३२. उत्तर ९५.४९३. पूर्णांक येत नाही म्हणून अस्वस्थ व्हायचं कारण नाही, सॉफ्टवेअर शेष सांभाळतं.

पेन लावून २००० मिमी चालवलं. टेपने मोजलं: २००१.२. हात लगेच कीबोर्डकडे गेला, ९५.४९३ चं ९५.४३६ करून टाकायला. मग थांबलो. रॅकवर एका फेरीत किती अंतर कापलं जाईल हे २० दाते गुणिले रॅकचं दात्यांमधलं अंतर यावर ठरतं. पिनियन थोडा आत दाबला, थोडा बाहेर राहिला, तरी २० दाते म्हणजे २० च दाते. चूक असलीच तर रॅकच्या सांध्यांत, नाहीतर माझ्या मोजण्यात. सांध्यांवर तुकडा पुन्हा लावून पाहिला, सगळे दाते बसले.

टेपच्या टोकाची आकडी मागे-पुढे हलते. ती हलावी म्हणूनच तशी असते, आतून आणि बाहेरून मोजताना आकडीची जाडी भरून काढायला. पण माझी आकडी कित्येकदा जमिनीवर आपटलेली. आकडी सोडून १०० च्या खुणेपासून मोजलं: २०००.२. आकडा तसाच ठेवला.

मग ९०० बाय १२०० चा चौकोन. कर्ण दोन्ही १५०० यायला हवेत. आले १५०१.२ आणि १४९८.८. फरक २.४ मिमी. गॅन्ट्री तिरकी आहे: कर्णांचा फरक तिरकेपणाच्या १.६ पट येतो, म्हणजे ९०० वर १.५, आणि १४०० वर २.३ मिमी. दोन्ही बाजूंच्या मोटरींना वेगवेगळे होम स्विच (सुरुवातीची जागा ओळखणारे) दिलेत ते यासाठीच. उजव्या बाजूची खूण २.३ ने सरकवली. कर्ण १५००.१ आणि १४९९.९.

८ मार्च

पहिला काप. ३ मिमी, मिनिटाला ३.८ मीटर, मुद्दाम तोच वेग. त्वरण दोन्ही अक्षांना २.

पट्टी थंड झाल्यावर काठावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. नंतर बाहेर उन्हात नेऊन तिरकी धरून पाहिली: वरच्या कडेला अगदी पुसट रेषा आहेत, पण त्या आर्कच्या, मागे वळलेल्या. मोटरच्या असत्या तर उभ्या आणि समान अंतरावर असत्या. कोपरे पूर्ण टोकदार नाहीत, बाहेरच्या बाजूला जेमतेम अर्धा मिमी गोलाई. १२ मिमी प्लेटवर, मिनिटाला अर्ध्या मीटरने, हात ठेवला तर मोटर जाणवते. काठावर मात्र शोधून काही सापडलं नाही. काकांना पट्टी नेऊन दिली. त्यांनी कॅलिपर काढलाच नाही, नख फिरवलं आणि खिशात टाकली.

१५ मार्च

सहावं वर्तुळ अंडाकृती. आधीची पाच गोल. पाऊल चुकलं म्हणावं तर गाडी होमला बरोबर परत येत नाही, एकदा ०.८ ने, एकदा २ ने कमी. चुकलेलं पाऊल सहसा जोरात निघताना जातं. इथे तर हळू चालतानाही जागा हलत होती.

पिनियनवर आणि शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ मारली आणि वीस मिनिटं रिकामं चालवलं. रेघ तुटली, दोन तुकडे दोन मिमीने सरकलेले. पिनियनला शाफ्टवर धरणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) गुळगुळीत शाफ्टवर नुसता घासत होता. शाफ्ट काढून ग्राइंडरने एक सपाटी घाई न करता पाडली, फाईलने साफ केली, स्क्रू त्या सपाटीवर बसवून लॉकिंगचं औषध लावलं.

लांब अक्षाचे दोन शाफ्ट अजून गोलच आहेत. त्यांच्या रेघा आज जुळलेल्या दिसल्या, तरी रविवारी दोन्ही काढणार.